पगाराविना पहारा ही वेठच होय

वेठ म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शब्दकोशात पाहावे लागत नाही. ज्यांच्या आजा-पणज्यांना रात्री-अपरात्री हाक येताच घोंगडी खांद्यावर टाकून सरकारी टपाल वा साहेबाचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोहोचवावे लागले, त्या घरांत या शब्दाचा अर्थ पिढ्यान् पिढ्या मुरलेला आहे. काम सरकारचे, वेळ सरकारची आणि नकार दिल्यास शिक्षाही सरकारची. मोबदला मात्र सरकारच्या तिजोरीतून नव्हे. तो गावाने वाटेल तेव्हा व वाटेल तसा द्यावा! महार वतनाचे खरे स्वरूप ते हेच. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले, ते याच अन्यायावर बोट ठेवण्यासाठी. ज्याच्याकडून काम घ्यावयाचे त्याला ठरलेला पगार ठरलेल्या वेळी मिळाला पाहिजे, एवढीच साधी मागणी तिच्या मुळाशी होती. ते बिल पुढे परत घ्यावे लागले आणि कनिष्ठ गाव-वतने नष्ट होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला.

आज ज्या प्रश्नाकडे मी वाचक बंधुभगिनींचे लक्ष वेधू इच्छितो, तो वरवर पाहता फार दूरचा आहे. तो अमेरिकेच्या आकाशातला आहे. परंतु जरा खोलवर पाहिले तर त्याचे मूळ आपल्या जुन्या चावडीपर्यंत येऊन भिडते, असे दिसून येईल.

अमेरिकेचे सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. २०२५ साली त्या तारखेपर्यंत तेथील प्रतिनिधी-सभांना खर्चाची मंजुरी देता आली नाही आणि मंजुरीवाचून तिजोरीतून पैसा काढता येत नाही. परिणामी सरकारचा कारभार ४३ दिवस, म्हणजे १२ नोव्हेंबरपर्यंत, अंशतः बंद राहिला. लाखो नोकरांना घरी बसविण्यात आले. परंतु ज्यांच्या कामावर लोकांचे प्राण अवलंबून आहेत त्यांना घरी कसे बसविणार? विमानांच्या वाहतुकीचे नियंत्रण करणारे सुमारे १३ हजार कर्मचारी अशांपैकी होते. त्यांना हुकूम झाला की, कामावर हजर राहा. पगार मात्र आज मिळणार नाही, तंटा मिटल्यावर मिळेल. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांचा पहिला पूर्ण पगार बुडाला. घरभाडे थांबत नाही, मुलांचे दूध थांबत नाही. कित्येकांनी नियंत्रणकक्षातील पाळी संपल्यावर भाड्याची मोटार हाकण्याची वा घरोघर खाद्यपदार्थ पोहोचविण्याची कामे धरली. थकवा वाढला, गैरहजेरी वाढली. शेवटी ७ नोव्हेंबरपासून सरकारने स्वतःच ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे कमी करावयास लावली. आरंभी ४ टक्के, नंतर ६ टक्के. १० टक्क्यांपर्यंत जाण्याचा बेत होता. एकेका दिवशी दोन हजारांहून अधिक विमाने रद्द झाली.

हे काम कसले असते, हे समजून घेतले पाहिजे. करडीच्या धानाच्या बांधावरून उंच आकाशात जाणारे विमान पाहिले तर ते एकटेच आपल्या मर्जीने चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्याची उंची, दिशा व वेग यांवर जमिनीवर बसलेल्या कोणा एका माणसाची नजर खिळलेली असते. दोन विमानांत उभे अंतर साधारणपणे १ हजार फूट, अथवा आडवे अंतर काही मैल राखले गेलेच पाहिजे, ही त्याची जबाबदारी. मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास या वाटा जेथे एकमेकींस छेदतात त्या नागपूरचे महत्त्व आपणांस सांगावयास नको. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा चारी दिशांची विमाने मध्यरात्री नागपुरास उतरत व टपालाची अदलाबदल करून परत फिरत. त्या विमानतळाला आज बाबासाहेबांचे नाव आहे. यंत्रे कितीही आली तरी हा भार शेवटी माणसावरच पडतो. दिल्लीच्या विमानतळावर संदेशवहनाची यंत्रणा बिघडली, तीही नेमकी २०२५ च्या नोव्हेंबरच्या त्याच पहिल्या आठवड्यात. तेव्हा नियंत्रकांना उड्डाणांची माहिती हाताने भरावी लागली आणि शेकडो विमाने खोळंबली.

असा माणूस बाजारात जाऊन आयता मिळत नाही. त्याला तयार करण्यास वर्षे लागतात. १९८१ साली अमेरिकेतील नियंत्रकांनी संप केला असता अध्यक्ष रेगन यांनी ११ हजारांहून अधिक जणांना एका फटक्यात बडतर्फ केले. ती खिंडार भरून काढण्यास त्या देशाला पुढे कित्येक वर्षे खर्ची घालावी लागली. २०२५ मध्येही पगार बंद होण्यापूर्वीच हजारो नियंत्रकांची उणीव होती. आधीच अपुऱ्या माणसांवर दुप्पट भार, आणि त्यात पगार बंद! मग नवे तरुण या नोकरीकडे कशाला वळतील? म्हणजे आजचा बुडालेला पगार हा उद्याच्या रिकाम्या खुर्चीचे बीज असतो.

तंटा मिटल्यावर झाले ते अधिकच बोलके आहे. या काळात एकही दिवस न चुकलेल्यांना १० हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले आणि ते मिळण्यास पात्र ठरले अवघे ७७६ नियंत्रक व तंत्रज्ञ. जो आजारी पडला, ज्याचे मूल आजारी पडले, तो वगळला गेला. हक्काचा पगार रोखावयाचा आणि मग निवडक लोकांवर मेहरबानीची खैरात करावयाची, ही रीत आपणांस अपरिचित आहे काय? बलुत्याच्या खळ्यावर हेच घडत असे. ज्याने मान अधिक लववली त्याच्या पदरात पायली अधिक पडे.

येथे वकील या नात्याने दोन शब्द सांगणे अवश्य आहे. २०१३ साली अशीच कामबंदी झाली असता कर्मचाऱ्यांनी दावा केला की, पगार वेळेवर न देणे हा किमान वेतनाच्या कायद्याचा भंग आहे. खालच्या न्यायालयाने तो मान्य केला. परंतु २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने अशाच दुसऱ्या दाव्यात उलट निर्णय दिला. मंजुरीवाचून पैसा देण्यास एक कायदा मनाई करीत असताना न दिल्याबद्दल दुसऱ्या कायद्याने सरकारला दोषी धरता येणार नाही, असे त्या निर्णयाचे सार आहे. २०१९ च्या एका कायद्याने मागील पगार नंतर देण्याची हमी मिळाली आहे हे खरे. पण नंतर म्हणजे केव्हा? उपाशी माणसास पुढच्या हंगामाची चिठ्ठी देऊन त्याची आजची भूक भागत नाही.

आपल्याकडे अशी कामबंदी होत नाही. आपल्या संविधानातही कायद्याने मंजुरी मिळाल्यावाचून तिजोरीतून पैसा काढता येत नाही. परंतु अनुच्छेद ११६ मध्ये लेखानुदानाची, म्हणजे पूर्ण अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत आगाऊ रक्कम मंजूर करण्याची सोय करून ठेवली आहे. शिवाय लोकसभेने खर्चास नकार दिला तर मंत्रिमंडळालाच जावे लागते; दोघे हटून बसले आणि नोकर उपाशी राहिला असे होत नाही. आपल्या विमान नियंत्रकांचा पगारही थेट सरकारी खात्यातून नव्हे, तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडून होतो. येथील दुखणे निराळे, ते मनुष्यबळाचे आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या स्थायी समितीने नियंत्रकांचा तुटवडा व त्यांना येणारा थकवा यांकडे सरकारचे लक्ष वेधले आहे.

परंतु एवढ्यावर समाधान मानणाऱ्याने आपल्या महाराष्ट्राच्या एस. टी. कडे पाहावे. आकाशातला नियंत्रक आणि तुमसर आगारातून गाडी काढणारा चालक यांत तत्त्वतः काय भेद आहे? दोघांच्याही जागरूकतेवर अनोळखी माणसांचे जीव टांगलेले असतात. २०२१ साली एस. टी. च्या सुमारे ९० हजार कर्मचाऱ्यांचे पगार अनियमित झाले होते. कर्जाने पिचलेल्या काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस संप सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये राज्यभरातील आगारे बंद पडली. शासनात विलीनीकरण ही त्यांची प्रमुख मागणी होती. तिच्या मुळाशी एकच आस होती. शासनाचा नोकर झालो म्हणजे निदान पगाराची तारीख तरी चुकणार नाही. सरकारने त्याच नोव्हेंबरमध्ये मूळ पगारात वाढ केली व दरमहा १० तारखेच्या आत पगार देण्याचे आश्वासन दिले. न्यायालयाच्या आदेशाने एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले. आणि तीन वर्षांनी काय झाले? मार्च २०२५ च्या पगारापैकी ५६ टक्केच रक्कम प्रथम त्यांच्या हाती पडली. गाडी मात्र १०० टक्के चालवावी लागली!

कायद्याची स्थितीही पाहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता देशात लागू झाली. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत दिला पाहिजे, असे बंधन तिने मालकांवर घातले आहे. हे योग्यच आहे. परंतु त्याच संहितेच्या कलम २० प्रमाणे पगार देण्याविषयीचे हे प्रकरण सरकारी आस्थापनांना लागू होत नाही. सरकारने स्वतः अधिसूचना काढली तरच होते. म्हणजे कारखानदाराने तारीख चुकविली तर तो गुन्हेगार आणि सरकारने चुकविली तर ती केवळ अडचण! नियम घालून देणाऱ्याने आपणास नियमातून वगळावे, या वृत्तीचा आपल्या समाजाइतका कटू अनुभव दुसऱ्या कोणास असेल?

तशीच शब्दांची लबाडी ओळखली पाहिजे. मध्यप्रांताच्या काळी भंडारा जिल्ह्याच्या गावोगावी कोतवाल रात्री पहारा करी व जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यावर देई. आजही त्या पदावरील माणसास मिळते ते मानधन, पगार नव्हे. अंगणवाडी सेविका, आशा ताई यांचेही तेच. मानधन हा शब्द कानाला गोड लागतो. पण त्यात ना मान ना पुरेसे धन. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने अंगणवाडी सेविकांना अत्यावश्यक सेवा कायदा, म्हणजे मेस्मा, लागू केला. विधिमंडळात गदारोळ झाला तेव्हा त्यास स्थगिती द्यावी लागली. पगाराचा प्रश्न आला की या भगिनी स्वयंसेविका, आणि संपाचा प्रश्न आला की अत्यावश्यक सेवक! एकाच माणसास दोन तागड्यांत तोलावयाचे आणि दोन्ही वेळा त्याचेच पारडे हलके ठरवावयाचे, हा न्याय नव्हे.

संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगार व तत्सम सक्तीचे श्रम यांस मनाई केली आहे. हा हक्क केवळ सरकारविरुद्ध नव्हे, खाजगी मालकाविरुद्धही चालतो. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फार मोलाचा निर्णय दिला. किमान वेतनाहून कमी मजुरीवर कोणी काम करीत असेल तर ते सक्तीचेच श्रम मानले पाहिजेत. कारण भूक व दारिद्र्य हीही सक्तीच आहे, असे न्यायमूर्ती भगवती यांच्या निर्णयाचे तात्पर्य आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने करोनाच्या साथीत लांबणीवर टाकलेला पगार व निवृत्तिवेतन द्यावे आणि त्यावर द. सा. द. शे. ६ प्रमाणे व्याजही द्यावे, असे त्याच न्यायालयाने ठरविले. या दोन निर्णयांना एकत्र ठेवून माझे असे प्रतिपादन आहे की, ज्या नोकरास काम सोडण्याची मुभा नाही त्याचा पगार रोखणे म्हणजे अनुच्छेद २३ च्या आत्म्याचा भंग आहे. याच अनुच्छेदाचा दुसरा खंड सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा घेण्यास सरकारला परवानगी देतो, असे कोणी म्हणेल. देतो खरा. पण सक्तीची सेवा म्हणजे फुकटची सेवा असे तेथे कोठेही लिहिलेले नाही.

आता एका आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. एस. टी. बंद पडली तेव्हा हाल कोणाचे झाले? मोटारवाल्यांचे नव्हे. खेड्यातून तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलींचे, दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्यांचे, बाजारात भाजी नेणाऱ्या बायांचे झाले. त्यांत आपल्या समाजाचे लोक थोडे नव्हते. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांनी सात दिवस संप केला तेव्हाही इस्पितळांतील गरीब रोग्यांनाच त्याची झळ लागली. मग अत्यावश्यक सेवेतील संपावर काहीच बंधन नको काय?

बंधन असू शकते. पण ते एकतर्फी असता कामा नये. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला आणि त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा संप घडवून आणला. माणसास त्याच्या इच्छेविरुद्ध कामास जुंपणे म्हणजे त्यास गुलाम करणे, ही त्यांची भूमिका होती. आजचे सर्वोच्च न्यायालय सरकारी नोकरांस संपाचा मूलभूत हक्क आहे असे मानीत नाही. २००३ च्या तामिळनाडूच्या खटल्यात तसा निकाल आहे. ठीक आहे. परंतु ज्या दिवशी तुम्ही एखाद्याच्या हातातील संपाचे शस्त्र काढून घेता, त्या दिवसापासून त्याच्या पगाराची पूर्ण हमी तुमच्या माथी येते. संपबंदी आणि पगारबंदी एका घरात नांदू शकत नाहीत. मेस्माच्या प्रत्येक आदेशाबरोबर त्या सेवकांच्या पगाराची तारीखही छापली गेली पाहिजे.

ही कल्पना अव्यवहार्य आहे असे म्हणता येणार नाही. संविधानाने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार संचित निधीवर भारित केले आहेत. त्यांवर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान होऊ शकत नाही. का? न्यायदान करणाऱ्याच्या डोक्यावर पगाराची टांगती तलवार असू नये म्हणून. जी खबरदारी न्यायासनासाठी घेतली, तीच प्राणरक्षणाच्या कामासाठी कायद्याने का घेऊ नये? विमान नियंत्रक, रेल्वेचा चालक, इस्पितळातील परिचारिका, एस. टी. चा चालक, गटारात उतरणारा सफाई कामगार यांच्या पगारावर सरकारच्या वा महामंडळाच्या उत्पन्नाचा पहिला हक्क असावा. ठेकेदाराचे देणे नंतर, जाहिरातीचा खर्च नंतर, समारंभाचा मंडप सर्वांत शेवटी.

भगवान बुद्धांनी गृहस्थांसाठी सांगितलेल्या सिगालोवाद सुत्तात मालकाची सेवकांप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ वाटून खावे आणि वेळेवर विश्रांती द्यावी. कूटदन्त सुत्तात तर राज्यातील अशांतता मिटविण्यासाठी राजाला जे उपाय सुचविले आहेत, त्यांत राजसेवेत उत्साहाने झटणाऱ्यांना अन्न-वेतन द्यावे हा एक आहे. राज्य दंडाने टिकत नाही, वेळेवर दिलेल्या वेतनाने टिकते, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले गेले. धम्म स्वीकारलेल्या आपल्या कुटुंबांनी हा विचार विहारापुरता ठेवू नये.

आपली मुले-मुली आज शिकून नोकऱ्यांत जात आहेत. त्यांपैकी अनेकांना कायम नोकरी मिळत नाही, ठेकेदारामार्फत मिळते. त्यांच्या वडीलमंडळींना माझे सांगणे आहे. नेमणुकीचे पत्र घेतल्यावाचून कामावर जाऊ देऊ नका. पगाराची पावती दरमहा मागा, ती जपून ठेवा. हजेरीची नोंद स्वतःच्या वहीतही करा. ठेकेदाराने पगार बुडविला तर ज्या मुख्य आस्थापनेसाठी काम केले, तिच्यावर तो देण्याची जबाबदारी कायद्याने आहे, हे विसरू नका. संहितेखालील मागणीचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करता येतो. एकटे न जाता दहा जण मिळून अर्ज करा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबणे हा आपल्या वाडवडिलांचा नाइलाज होता. तो आपला स्वभाव होऊ नये.

आणि आपल्यापैकी जो कोणी उद्या मालक होईल, कंत्राटदार होईल, संस्थेचा चिटणीस होईल, त्याने आपल्याकडील झाडूवाल्याचा, शिपायाचा, शिक्षिकेचा पगार आधी द्यावा, मग स्वतःचा घ्यावा. दुसऱ्याच्या घामावर उधारी करणारा मनुष्य कोणत्या जातीत जन्मला हे महत्त्वाचे नाही. त्याने जुन्या चावडीचाच वारसा चालविला, असे म्हणावे लागेल.

जो सर्वांसाठी जागतो त्याच्या घरची चूल विझू देणारे राज्य, मग ते वॉशिंग्टनचे असो वा मुंबईचे, आपल्याच प्रजेच्या प्राणांशी खेळत असते. वेठ एकदा गाडली गेली आहे. नवे कपडे घालून ती पुन्हा दारात आली तर तिला ओळखण्याचे काम आपले आहे. कारण तिचा चेहरा आपल्याइतका जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेला नाही.

जय भीम.

— एक वकील, करडी (जि. भंडारा)